काळजाचे चार तुकडे : हृदय प्रत्यारोपणानंतरच्या एका रिजेक्शनचं प्रकरण

मार्चमधल्या एका सोमवारी तो टॅक्रोलिमसची, म्हणजे शरीराने नवं हृदय नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाची, पातळी बघायला रक्त द्यायचं म्हणून लातूरला माझ्या दवाखान्यात आला. हृदय प्रत्यारोपणाला आठ महिने होऊन गेले होते. गावाहून एसटीने आला होता, जिना चढून वर आला होता. धाप नाही, पायांवर सूज नाही. नाडी ९६, म्हणजे त्याच्या नव्या हृदयाची नेहमीचीच चाल. वजन मात्र दीड किलोने उतरलं होतं. बीपीचा पट्टा सोडत होतो तेवढ्यात त्याची बायको म्हणाली, "साहेब, ह्यांची लघवी केशरी होऊलाली. पाणी कमी पितेत म्हणून आसंल का?"

पिशवीतून गोळ्यांची पाकिटं काढायला लावली. त्यात टीबीच्या एकत्रित गोळीचं पाकीट निघालं. त्यातलं रिफॅम्पिसिन हे औषध चालू होऊन सोळा दिवस झाले होते. ईसीजी काढला, इको केला. ईएफ, म्हणजे दर ठोक्याला हृदय बाहेर ढकलतं त्या रक्ताचं प्रमाण, ६० टक्के, भिंतींची हालचाल उत्तम, हृदयाभोवती पाणी नाही. त्या दिवशी तो इको कुठल्याही विद्यार्थ्याला 'नॉर्मल हृदय' म्हणून दाखवता आला असता. आणि चार दिवसांनी त्याच हृदयाच्या बायोप्सीचा रिपोर्ट आला : २-आर. म्हणजे उपचार लागणारं रिजेक्शन.

मी प्रत्यारोपण करणारा डॉक्टर नाही. लातुरात बसणारा फिजिशियन आहे. ऑपरेशन मुंबईत झालं, बायोप्सी तिथेच होतात. मधल्या दिवसांत रक्ततपासणी, बीपी, ताप-खोकला माझ्याकडे. स्लाइड मी नंतर तिथल्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमच्या शेजारी बसून दोन तोंडांच्या मायक्रोस्कोपमधून पाहिल्या. त्यामुळे पेशींबद्दल खाली जे लिहिलंय ते बरंचसं त्यांनी शिकवलेलं आहे. रुग्णाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आधीची हकिकत

वय ३९, वजन ५४ किलो. चार एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर. दोन वर्षांपासून हृदय फुगत गेलेलं, डायलेटेड कार्डिओमायोपॅथी. ईएफ १५ टक्क्यांवर आला तेव्हा रात्री आडवं होता येत नव्हतं. उशांचा ढीग लावून बसल्या बसल्या झोपायचा. औषधं चढवत नेली, पण वर्षात तीनदा आयसीयू झाला आणि शेवटी प्रत्यारोपणाच्या यादीत नाव लागलं.

अवयववाटपासाठी महाराष्ट्रात चार विभागीय केंद्रं आहेत : मुंबई, पुणे, नागपूर आणि आपल्या मराठवाड्यासाठी छत्रपती संभाजीनगर. पण हृदयाला वेळ नसतो. दात्याच्या छातीतून निघाल्यापासून साधारण चार तासांच्या आत ते दुसऱ्या छातीत धडधडायला हवं. लातूरच्या गावात बसून फोनची वाट पाहणाऱ्याला ते मिळणार कसं? म्हणून मुंबईतल्या मावसभावाच्या चाळीतल्या खोलीत नवरा-बायको सात महिने राहिले. शेत बटईने दिलं. जुलैत फोन आला.

ऑपरेशन नीट झालं. औषधं नेहमीची तीन : टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन. शिवाय जंतू-बुरशी-विषाणूंसाठी वेगळी. टॅक्रोलिमसची मजा अशी की त्याचा डोस गोळीवर नव्हे, रक्तातल्या पातळीवर ठरतो. पहिल्या महिन्यांत ती मिलिलिटरमागे साधारण १० ते १५ नॅनोग्रॅम ठेवतात, पुढे हळूहळू ५ ते १० वर आणतात. रक्त घ्यायचं ते पुढची गोळी घेण्याआधी, म्हणजे आधीच्या गोळीनंतर बारा तासांनी. चौथ्या महिन्यात एकदा याने सकाळची गोळी घेऊनच रक्त दिलं, आकडा २४ आला आणि मुंबईहून डोस निम्मा करण्याचा निरोप निघाला होता. वेळ विचारली म्हणून बरं. तेव्हापासून माझी कंपाउंडर रक्त काढण्याआधी त्याला एकच प्रश्न विचारते : "गोळी खिशात हाय का पोटात?"

तुकडा का काढतात

काढलेल्या हृदयाच्या नसा कापल्या गेलेल्या असतात. नव्या हृदयाला मेंदूकडून हळू चाल म्हणणारा कुणी नसतो, म्हणून बसल्या जागी नाडी ९० ते ११० राहते. आणि तिथलं दुखणं वर कळवणाराही कुणी नसतो. आतमध्ये लिंफोसाइट या पांढऱ्या रक्तपेशी स्नायू कुरतडत असल्या तरी माणूस बाजार करून येतो. धाप, सूज, ठोके चुकणं ही लक्षणं दिसतात तेव्हा बरंच काही होऊन गेलेलं असतं. इकोसुद्धा उशिराच बोलतो.

सुरुवातीच्या काळात ईसीजीतल्या रेघांची उंची मोजत असत. रिजेक्शनमध्ये स्नायू सुजले की व्होल्टेज पडायचं. १९८० च्या दशकात सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध आलं, सूज कमी झाली आणि ती खूणही भरवशाची राहिली नाही. तोवर सुदैवाने दुसरी वाट सापडली होती. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला स्टॅनफर्डमध्ये फिलिप केव्ह्ज यांनी जपानी डॉक्टरांच्या मूळ चिमट्यात बदल केला आणि मानेच्या शिरेतून उजव्या कप्प्यात शिरून हृदयाचा कण आणता येईल असा बायोप्टोम वापरात आणला. ते कण वाचायचे कसे याची पहिली पद्धत तिथल्याच पॅथॉलॉजिस्ट मार्गारेट बिलिंगहॅम यांनी बसवली. आज जगभर जी ग्रेड लिहितात ती आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९० मध्ये ठरवलेली आणि २००४ मध्ये सुटसुटीत केलेली आहे.

प्रत्यक्षात काम अर्ध्या तासाचं. मानेच्या उजव्या बाजूला भूल, शिरेत नळी, एक्स-रेच्या पडद्यावर बघत चिमटा उजव्या जवनिकेत, दोन कप्प्यांमधल्या पडद्याला टेकवायचा, तोंड मिटवायचं, हलका हिसका. निघतो तो मोहरीएवढा तुकडा. असे निदान तीन हवेत, चार-पाच असले तर चांगलं, आणि तेही वेगवेगळ्या जागांचे. धोका कमी, पण शून्य नाही : भिंतीला भोक पडून हृदयाभोवती रक्त साचू शकतं, ट्रायकस्पिड झडपेची दोरी तुटून झडप गळू लागू शकते. पहिल्या महिन्यात दर आठवड्याला, मग पंधरवड्याने, मग महिन्याने. वर्षभरात दहा-बाराच्या पुढे जातात.

त्याच्या आईला हे कुणीतरी समजावून सांगितलं होतं. गावी गेलो होतो तेव्हा तिने मला विचारलं, "दर खेपेला काळजाचा तुकडा काढून नेतेत म्हणं. पुन्हा भरून येतंय का ते?" आपल्याकडे काळजाचा तुकडा म्हणजे पोटचं लेकरू. तिच्या तोंडून ते ऐकताना मला उत्तर लवकर सुचलं नाही. खरं उत्तर असं की भरून येतं, पण स्नायूने नाही, व्रणाने. आणि चिमटा बहुधा पुन्हा पुन्हा त्याच जागी जातो, म्हणून कधी कधी नव्या तुकड्यात स्नायूऐवजी जुना व्रणच येतो. पॅथॉलॉजिस्टला तो तुकडा मोजता येत नाही. मोजण्याजोग्या तुकड्यात निम्मा तरी ताजा स्नायू लागतो.

आणखी एक बारकी गोष्ट, जी मला मॅडमनी सांगेपर्यंत माहीत नव्हती : तुकडा टाकायचं फॉर्मालिन थंड नको, खोलीच्या तापमानाचं हवं. गारठ्याने स्नायूचे तंतू आखडतात आणि काचेखाली इजा झाल्यासारखे पट्टे दिसतात. नमुना म्हटला की बर्फात ठेवायची आपली सवय इथे उलटी पडते.

आठव्या आठवड्याचा घोळ

पहिली बायोप्सी ०-आर, म्हणजे काही नाही. दुसरीत काही तंतू मेलेले दिसले, पण भोवती पेशींची गर्दी नव्हती. ते रिजेक्शन नव्हतं, तर प्रवासातल्या तासांत रक्ताविना राहिलेल्या हृदयाची ती इजा होती. पहिल्या काही आठवड्यांत ही दिसते आणि नवख्याला फसवते. तिसरी-चौथी १-आर. इथे थोडं थांबतो, कारण घरच्यांची सगळ्यात जास्त झोप या १-आरने उडवली.

१-आर म्हणजे रक्तवाहिनीभोवती किंवा तंतूंच्या मधल्या फटीत लिंफोसाइट जमलेले, आणि स्नायूपेशीला इजा फार तर एका ठिकाणी. २-आर म्हणजे असे इजेसकटचे अड्डे दोन किंवा अधिक. ३-आर म्हणजे सगळीकडे पसरलेली गर्दी, जागोजागी मेलेले तंतू, सूज, कधी रक्तस्राव. १-आरला बहुतेक ठिकाणी काही करत नाहीत, फक्त औषधाची पातळी बघतात. मोबाइलवर रिपोर्ट आला की घरातला बारावी झालेला पुतण्या 'रिजेक्शन' एवढाच शब्द वाचायचा आणि रडारड सुरू. मी त्यांना सांगितलं होतं : नव्या सुनेकडे शेजारपाजार खिडकीतून डोकावतो, ते १-आर. घरात घुसून भांडीकुंडी फोडायला लागले की २-आर. उपमा फार शास्त्रीय नाही, पण चालली.

आठव्या आठवड्यात पहिला रिपोर्ट हाती आला तो २-आरचा. एका तुकड्यात निळ्या पेशींचा दाट गोळा, कडेने स्नायूत घुसलेला. स्टिरॉइडचा मोठा डोस द्यायची तयारी झाली. टॅक्रोलिमसची पातळी मात्र १२.६ होती, अगदी हवी तिथे. मॅडमना हे जुळेना. त्यांनी त्याच ठोकळ्यातून आणखी खोल काप काढायला सांगितले. खालच्या कापात तो गोळा वर सरकत सरकत हृदयाच्या आतल्या अस्तराला जाऊन चिकटला. म्हणजे तो रिजेक्शनचा अड्डा नव्हताच. त्याला क्विल्टी म्हणतात. ज्या रुग्णात तो पहिल्यांदा ओळखला गेला त्याचंच आडनाव त्याला चिकटलं. अस्तराखाली लिंफोसाइटांची अशी गाठोडी का बांधली जातात ते नीट उलगडलेलं नाही, पण तेवढ्यासाठी उपचार लागत नाही. तिरपा काप गेला, अस्तराचा भाग काचेवर आला नाही, की क्विल्टी हुबेहूब २-आरसारखा दिसतो. सुधारित रिपोर्ट १-आर, सोबत क्विल्टी. तीन ग्रॅम स्टिरॉइड वाचलं.

यानंतर माझी एक समजूत झाली, आणि ती पुढे मला नडली : पातळी चांगली असेल तर रिपोर्ट थोडा शंकेने वाचावा. हे बरोबरच आहे. पण याची दुसरी बाजू माझ्या डोक्यात तेवढी पक्की बसली नव्हती, की पातळी ढासळली असेल तर रुग्ण कितीही ठणठणीत दिसो, इको कितीही देखणा असो, त्यांच्यावर तेवढाच संशय घ्यावा.

तिसऱ्या ते सातव्या महिन्यात सांगण्यासारखं काही घडलं नाही. ऑक्टोबरात तो गावी परतला. सहाव्या महिन्याची बायोप्सी ०-आर. फेब्रुवारीत पातळी ९.४, डोस अडीच मिलिग्रॅम दोन वेळा.

केशरी

फेब्रुवारीच्या अखेरीस संध्याकाळचा बारीक ताप आणि मानेच्या डाव्या बाजूला बोरीच्या बोराएवढी गाठ. ती गाठ पहिल्यांदा मीच चाचपली. प्रतिकारशक्ती दाबलेल्या, मराठवाड्यातल्या माणसाला मानेत गाठ, म्हटल्यावर टीबीच डोक्यात येतो. सुईने नमुना घेतला, सीबीनॅट या टीबीच्या जनुकीय तपासणीला पाठवला आणि म्हणालो, रिपोर्ट आला की या.

रिपोर्ट आला तेव्हा मी चार दिवस लग्नाला बाहेरगावी होतो. टीबी पॉझिटिव्ह, रिफॅम्पिसिनला दाद देणारा. रिपोर्ट घेऊन तो तालुक्याला गेला, तिथे नियमाप्रमाणे वजन बघून चार औषधांची एकत्रित गोळी सुरू झाली. ज्याने सुरू केली त्याचं निदान बरोबर, औषध बरोबर, डोस बरोबर. टीबी खरोखरच होता. फक्त रुग्ण वेगळा होता, आणि तो वेगळा आहे हे ओरडून सांगणारं त्याच्याकडे काहीही नव्हतं. जाड फाइल घरी ट्रंकेत. शर्टाच्या आत व्रण. त्याने म्हणे सांगितलं, "माझं हार्टचं ऑपरेशन झालंय." हार्टचं ऑपरेशन म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोक्यात बायपास येतो. नमुना पाठवताना मी कागदावर 'रिफॅम्पिसिन देऊ नये, आधी फोन करा' ही एक ओळ लिहिली असती तर हे प्रकरण लिहायची वेळ आली नसती. ती चूक माझीच.

रिफॅम्पिसिन काय करतं? टॅक्रोलिमसचा निचरा यकृत आणि आतड्यातल्या एका एन्झाइमने होतो, सीवायपी ३ए४ त्याचं नाव. रिफॅम्पिसिन या एन्झाइमचं उत्पादन प्रचंड वाढवतं. एका मजुराच्या जागी वीस मजूर लावल्यासारखं. गोळी पोटात जाते, पण रक्तात पोचेपर्यंत तिचा फडशा पडलेला असतो. हे एका दिवसात होत नाही, आठवडा-दोन आठवडे चढत जातं. आणि रिफॅम्पिसिन बंद केल्यावर मजूर लगेच घरी जात नाहीत, तेवढेच दिवस रेंगाळतात. हे दुसरं वाक्य पुढे दोनदा कामाला येणार आहे. लघवी, घाम, अश्रू केशरी होतात तो या औषधाचा रंग. निरुपद्रवी. त्याच्या बायकोला मात्र तो खटकला, आणि गेल्या सोळा दिवसांत कुणाला काही खटकलं असेल तर ते तिलाच.

सोमवारीच मुंबईला फोन केला. तिथून निरोप : रिफॅम्पिसिन आजपासून बंद, बाकीच्या गोळ्या सुट्या करून चालू ठेवा, पातळीची वाट न बघता रुग्णाला पाठवा. मंगळवारी रात्रीच्या लातूर–मुंबई गाडीत दोघं बसली. बुधवारी सकाळी ती सीएसएमटीला उतरली त्याच सुमारास लॅबमधून आकडा आला : २.३.

काचेखाली

गुरुवारी बायोप्सी. चार तुकडे फॉर्मालिनमध्ये, पाचवा गोठवून.

पहिल्या तुकड्यात जवळपास सगळा जुना व्रण. एखाद्या आधीच्या बायोप्सीची जागा, बाद. दुसऱ्यात एका बारीक रक्तवाहिनीभोवती लिंफोसाइटांचं कडं, स्नायू शाबूत. तिसऱ्यात चित्र बदललं. पेशी वाहिनी सोडून तंतूंच्या फटींत शिरल्या होत्या, आणि एका जागी तंतूची कड उंदराने कुरतडलेल्या भाकरीसारखी. गुलाबी रंग विटलेला, केंद्रक नाही. चौथ्यात तसाच दुसरा अड्डा. दोन अड्डे, दोन्हीकडे स्नायूला इजा : २-आर. मॅडम म्हणाल्या, "तिसऱ्यावरच थांबले असते तर मी याला १-आर म्हणाले असते, आणि तो १-आर खोटा ठरला असता." मोहरीएवढ्या चार कणांवरून मुठीएवढ्या हृदयाचा न्याय करायचा, त्यात हे येतंच. रोग ठिपक्याठिपक्यांचा, चिमटा आंधळा.

क्विल्टी आहे का? या खेपेला खोल काप आधीच काढले होते. दोन्ही अड्डे अस्तरापासून दूर, शेवटच्या कापापर्यंत स्नायूतच.

मग दुसरा प्रश्न. हे पेशींचं रिजेक्शन आहे की प्रतिपिंडांचं, म्हणजे अँटिबॉडींचं? औषध कमी पडलं की शरीर दात्याविरुद्ध प्रतिपिंडंही तयार करू शकतं, आणि त्याचा उपचार अगदी वेगळा. ते ओळखायला केशवाहिन्यांकडे बघतात : अस्तराच्या पेशी फुगल्यात का, पोकळीत मॅक्रोफेज या भक्षक पेशी दाटलेत का. मॅक्रोफेज दाखवणारा सीडी६८ चा रंग आणि प्रतिपिंडांच्या हल्ल्याची खूण दाखवणारा सी४डी चा रंग लावतात. इथे दोन्ही रिकामे. रक्तातही दात्याविरुद्धची प्रतिपिंडं सापडली नाहीत. पीएएमआर ०, म्हणजे प्रतिपिंडांचं रिजेक्शन नाही.

तिसरा प्रश्न या रुग्णापुरता सगळ्यात महत्त्वाचा. याच्या अंगात टीबी आहे. हृदयातल्या या लिंफोसाइट टीबीच्या नाहीत कशावरून? सायटोमेगॅलोव्हायरस या विषाणूच्या, टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीच्या नाहीत कशावरून? ग्रॅन्युलोमा, म्हणजे टीबीत दिसणारी पेशींची गाठ, नाही, टीबीच्या जंतूंचा रंग रिकामा, पेशीत विषाणूचे घुबडाच्या डोळ्यासारखे ठिपके नाहीत, परजीवीच्या पुटी नाहीत, रक्तातली सायटोमेगॅलोची पीसीआर निगेटिव्ह. हे सगळं तपासून झाल्यावरच मॅडमनी रिपोर्टवर सही केली.

स्टिरॉइड द्यावं का

इथे माझा आणि मुंबईच्या टीमचा मतभेद झाला. फोनवर मी म्हणालो, कारण हाती लागलंय, रिफॅम्पिसिन बंद केलंय, टॅक्रोलिमस वाढवा आणि दोन आठवड्यांनी पुन्हा बघा. टीबी उघडा असलेल्या माणसाला स्टिरॉइडचा मारा म्हणजे धगीवर रॉकेल.

माझ्या डोक्यात १९६७ ची केप टाउनची गोष्ट होती. क्रिस्तियान बर्नार्ड यांनी जगातलं पहिलं मानवी हृदय प्रत्यारोपण केलं तो लुई वॉशकन्स्की अठरा दिवस जगला. फुप्फुसात दिसलेले बदल रिजेक्शनचे समजून त्याची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं वाढवली गेली, होता न्यूमोनिया, आणि त्यातच तो गेला. हृदय शेवटपर्यंत चांगलं चालत होतं. तेव्हा हृदयाचा तुकडा काढून खात्री करायची सोय नव्हती.

टीमच्या हृदयरोगतज्ज्ञांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तेव्हा तुकडा नव्हता, आज आहे. आणि रिफॅम्पिसिन बंद केलं म्हणून पातळी उद्या वर येणार नाही. दोन आठवडे एन्झाइम चढलेलंच राहील. तेवढे दिवस तो स्नायू कुणाच्या भरवशावर सोडायचा?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मजूर लगेच घरी जात नाहीत, हे मीच विद्यार्थ्यांना शिकवतो.

मिथिलप्रेडनिसोलोन शिरेतून ५०० मिलिग्रॅम, तीन दिवस. एक ग्रॅमऐवजी निम्मा डोस, टीबीचा मान राखून. टॅक्रोलिमस पाच मिलिग्रॅम दोन वेळा. टीबीसाठी रिफॅम्पिसिनशिवायची बांधणी : आयसोनियाझिड, इथॅम्ब्युटॉल, लेव्होफ्लॉक्सॅसिन आणि पहिले दोन महिने पायराझिनामाइड. रिफॅम्पिसिन काढलं की कोर्स सहा महिन्यांत संपत नाही, वर्ष-दीड वर्षावर जातो. रिफाब्युटिन हे त्याच कुळातलं औषध हा मधला मार्ग असतो, त्याने एन्झाइम कमी चाळवतं, पण पातळीची कसरत तरीही उरतेच. लातूरहून पातळी पाठवून दोन दिवसांनी आकडा कळणाऱ्या रुग्णासाठी तो मार्ग टीमने टाळला. मला ते पटलं.

तीन दिवसांत साखर ३४० वर गेली, आठवडाभर इन्शुलिन. बाकी काही नाही. चौथ्या दिवशी पातळी ५.१, नवव्या दिवशी ८.८. चौदाव्या दिवशीची बायोप्सी : जुन्या अड्ड्यांच्या जागी पेशी विरळ, नवी इजा नाही, १-आर. पातळी १३ च्या पुढे. डोस चारवर आणून त्याला घरी पाठवलं.

अठराव्या दिवशी तो माझ्यासमोर बसला होता आणि कंपाउंडरने दिलेल्या चहाची बशी त्याच्या हातात वाजत होती. रात्री झोप नाही, डोकं दुखतंय. बशी वाजली तेव्हाच मला आकडा दिसला. पातळी १९.२, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन १.० चं १.७. एन्झाइमचे मजूर आता खरोखर घरी गेले होते, आणि डोस चारवर, म्हणजे अजून वाढवलेलाच होता. रिफॅम्पिसिनच्या गोष्टीत डॉक्टर पातळी पडण्याला घाबरतात, ती परत चढते तेव्हा सगळे निवांत झालेले असतात. डोस दोन टप्प्यांत अडीचवर, म्हणजे फेब्रुवारीत होता तिथेच, परत आणला. महिन्याभरात क्रिएटिनिन १.१. हात थांबला.

रक्तातून रिजेक्शन ओळखायच्या तपासण्या निघाल्या आहेत : दात्याच्या पेशींचा रक्तात तरंगणारा डीएनए मोजणं, किंवा पांढऱ्या पेशींतल्या जनुकांची चाल बघणं. मानेच्या शिरेतली टोचणी त्यांनी कमी होईल तेव्हा मला आनंदच आहे. पण या माणसाच्या बाबतीत प्रश्न 'रिजेक्शन आहे का' एवढाच नव्हता. पेशींचं की प्रतिपिंडांचं, क्विल्टी की अड्डा, टीबी की नाही, हे सगळं एका तुकड्याने सांगितलं. रक्ताची बाटली आज तरी एवढं बोलत नाही.

नंतर

आणखी एका महिन्याने ०-आर. वर्षाच्या बायोप्सीतही ०-आर आणि एका तुकड्यात नुसता व्रण. मानेची गाठ दाबूनही लागत नाही. टीबीच्या गोळ्या चालू आहेत, डोळे दर महिन्याला तपासतो, इथॅम्ब्युटॉलमुळे. यंदा तूर त्याने स्वतः पेरली. मास्क लावून, सकाळच्या धुळीत नाही, एवढ्या अटीवर.

फाइल अजून ट्रंकेतच असते, ती कोण सोबत नेणार. म्हणून आम्ही पोस्टकार्डाएवढं कार्ड लॅमिनेट करून घेतलं. लाल अक्षरांत मराठीत : 'या माणसाचं हृदय बदललेलं आहे. कोणतंही नवं औषध देण्याआधी या नंबरवर फोन करा.' खाली सहा नावं, रिफॅम्पिसिन पहिलं. एक प्रत त्याच्या खिशात, एक बायकोच्या पर्समध्ये, एक गावच्या मेडिकलवाल्याच्या गल्ल्यावर काचेखाली.

गेल्या महिन्यात रात्री साडेनऊला त्या मेडिकलवाल्याचा फोन आला.

"साहेब, तुमचं ते लाल कार्डवालं पेशंट आलंय. घसा धरलाय म्हणून दुसऱ्या डॉक्टरनं क्लॅरिथ्रोमायसिन लिवून दिलंय. पाच नंबरला नाव दिसूलालंय. देऊ का?"

"नको. त्यानं पातळी चढते. त्यांना फोन द्या."

फोनवर बायको आली. मी ताप विचारला, खोकला विचारला, गिळायला त्रास होतो का विचारलं. सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "आन् लघवी पांढरीच हाय, साहेब. मी बघितली."